प्रागैतिहासिक युरोपातली माणसं: कोणती पद्धत नेमकं काय सांगते?

प्रश्न रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: युरोपातल्या प्रागैतिहासिक माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. तरी बातम्यांत येतं की अमुक मुलगी जर्मनीतून डेन्मार्कला आली होती, तमुक माणसाने मरण्याआधी रानबोकडाचं मांस खाल्लं होतं. हे कशाच्या जोरावर सांगतात? त्यातलं किती खरं मानायचं? आणि रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला या कामात जागा आहे का?

जागा आहे, भरपूर आहे. त्याबद्दल शेवटी सांगते. मी स्वतः जुन्या हाडांच्या आणि दातांच्या रसायनावर काम करते, त्यामुळे उत्तर थोडं त्या बाजूला झुकणार.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी एक सवय लावून घ्या. बातमी वाचली की आधी विचारायचं, यंत्राने नेमकं काय मोजलं? "ती मुलगी परदेशी होती" असं कुठलंच यंत्र मोजत नाही. ते तिच्या दातातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, गुणोत्तर मोजतं. त्या आकड्यापासून "परदेशी" या शब्दापर्यंत पोचायला तीन-चार गृहीतकं लागतात. आमच्या क्षेत्रातले वाद आकड्यांवर क्वचित होतात, होतात ते या गृहीतकांवर.

आधी काळाचं बघू, कारण तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन-१४ ची पद्धत बसवली आणि १९६० मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सजीव जगत असतो तोवर अन्नातून, हवेतून कार्बन घेत राहतो. त्यात किरणोत्सर्गी कार्बन-१४ चा अगदी बारीक अंश असतो. जीव गेला की भर थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पूर्वी त्यासाठी बराच मोठा नमुना जाळावा लागे. आता त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, वापरून थेट अणूच मोजतात, त्यामुळे मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. याचा खरा फायदा असा की चुलीतल्या कोळशाऐवजी जळका गव्हाचा एक दाणा निवडता येतो. कोळसा तीनशे वर्षांच्या ओकच्या गाभ्यातला असू शकतो, आणि मग तारीख चुलीची न येता त्या गाभ्याची येते. दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो.

हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सदासर्वदा सारखंच असतं, असं सुरुवातीला धरून चालले होते. अमेरिकेतल्या दीर्घायुषी ब्रिसलकोन पाइन झाडांच्या वलयांवर हान्स सूस यांनी काम केलं तेव्हा दिसलं की तसं नाही, ते वरखाली होतं. म्हणजे वय काढल्यावर दुरुस्ती करावी लागणार. ती केल्यावर पश्चिम युरोपातल्या महापाषाण कबरी शेकडो वर्षं मागे गेल्या, त्यातल्या काही तर इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुन्या ठरल्या. तोवर सर्वमान्य चित्र असं होतं की दगडी कबरी बांधण्याची कल्पना पूर्व भूमध्य प्रदेशात जन्मली आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकली. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७० च्या दशकात हे चित्र कसं टिकत नाही ते मांडलं. फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या आणि आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांनी हे स्वतःच उभं केलं होतं. प्रयोगशाळेतल्या एका दुरुस्तीने अख्ख्या खंडाच्या इतिहासाची दिशा बदलावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आजची दुरुस्तीची वक्ररेषा सुमारे ५५,००० वर्षांपर्यंत जाते. पण ती सगळीकडे सारखी उपयोगी नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात ती जवळजवळ सपाट आहे. तिथला नमुना कितीही काळजीने मोजा, उत्तर "या चारशे वर्षांत कधीतरी" एवढंच येतं. लोहयुगावर काम करणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी आहे. दुसरी अडचण मासे खाणाऱ्यांची. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे माशांवर जगणाऱ्या माणसाचं हाड खऱ्या वयापेक्षा काही शतकं जुनं दिसू शकतं. म्हणजे तारीख काढण्याआधी तो माणूस काय खात होता हे कळायला हवं.

लाकूड टिकलं असेल तर वृक्षवलयांइतकं अचूक दुसरं काही नाही. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या दलदलीतून नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी फळ्यांची पायवाट बांधली होती, तिला स्वीट ट्रॅक म्हणतात. तिच्यासाठीची झाडं इ.स.पू. ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या सुरुवातीला तोडली, असं सांगता येतं. पुस्तकी इतिहास सुरू होण्याआधीच्या काळातला एक हिवाळा! मात्र त्यासाठी त्या भागातल्या झाडांची आजपासून मागे अखंड साखळी लागते. दक्षिण युरोपात ती नव्हती. उत्तर ग्रीसमधल्या दिस्पिलिओ या सरोवरकाठच्या वस्तीसाठी २०२४ मध्ये वेगळीच वाट वापरली गेली. इ.स.पू. ५२५९ मध्ये सूर्याच्या दिशेने आलेल्या कणांच्या मोठ्या माऱ्यामुळे हवेतलं कार्बन-१४ एकाच वर्षात उसळलं होतं. ती उसळी तिथल्या खांबांच्या नेमक्या वलयात सापडली आणि वस्तीचा काळ थेट वर्षावर आला.

आता हाडं. इथे थोडी रेंगाळते, कारण हे माझं रोजचं काम आहे आणि तुमचं होऊ शकतं.

हाडात खनिज आणि कोलॅजन हे प्रथिन असतं. आहार बघायचा तर कोलॅजन हवं. हाडाचा छोटा तुकडा घ्यायचा, वरचा मातकट थर खरवडून काढायचा आणि तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात थंडाव्याला ठेवायचा. रोज आम्ल बदलायचं. काही दिवसांत खनिज निघून जातं. हाड चांगलं टिकलेलं असेल तर हाताशी त्याच आकाराचा, पण अर्धपारदर्शक आणि मऊ तुकडा उरतो. चिमट्याने दाबला की वाकतो. टिकलेलं नसेल तर तळाशी नुसता तपकिरी गाळ दिसतो आणि काम तिथेच थांबतं. तुकडा मिळाला तर तो किंचित आम्लयुक्त पाण्यात ७० अंशांच्या आसपास तापवायचा, विरघळलेलं जिलेटिन गाळायचं, गोठवायचं आणि निर्वातात वाळवायचं. कुपीत शेवटी पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा हलका पदार्थ उरतो. त्यातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं प्रमाण २.९ ते ३.६ च्या दरम्यान आलं तरच पुढचा आकडा वापरायचा. नाहीतर मातीतले आम्ल पदार्थ मिसळलेत किंवा प्रथिनच कुजलंय असं समजायचं. ही चाचणी छापली नसेल तर कुठलाही आहार-अभ्यास मी बाजूला ठेवते.

मग मोजायचं काय? नायट्रोजन-१५ चं प्रमाण अन्नसाखळीत दर पायरीला वाढतं. गवत, गाय, गाय खाणारा माणूस, अशी चढण. पाण्यातल्या साखळ्या लांब असतात, त्यामुळे मासे आणि सील खाणाऱ्यांचे आकडे आणखी वर जातात. अंगावर पिणारं बाळही आईपेक्षा एक पायरी वर दिसतं, त्यामुळे दूध कधी सोडवलं हेही कळतं. कार्बन-१३ वरून समुद्री अन्न ओळखता येतं. शिवाय ज्वारी, बाजरी, मका, ऊस या गटातल्या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाची वेगळी वाट वापरतात आणि त्यांचा कार्बन गहू-जवापेक्षा वेगळा दिसतो. आपल्याकडच्या हाडांत हा ठसा नेहमीचा. युरोपात तो इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यानंतर ठळक होतो, कारण बारीक दाण्याचं भरडधान्य तिथे पूर्वेकडून तेव्हा पोचलं.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरची हाडं यात फार बोलकी आहेत. मध्याश्मयुगातली माणसं समुद्रावर जगत होती, आकडे स्वच्छ सांगतात. इ.स.पू. ४००० च्या सुमारास शेती आली आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या हाडांतूनही समुद्र जवळजवळ नाहीसा झाला. मासे समोर असताना सोडले. का, ते समस्थानिक सांगत नाहीत. बरेच दिवस वाटत होतं की स्थानिकांनी खाणं बदललं. पुढे डीएनए आला आणि कळलं की माणसंच बहुतांशी नवी होती.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. ती मुख्यतः प्रथिनं पाहते, भाजी-फळं तिला जवळपास दिसत नाहीत. प्रौढाच्या हाडात दहा-वीस वर्षांची सरासरी असते. आणि शेतात शेणखत घातलं की धान्याचाच नायट्रोजन चढतो, आणि खाणारा माणूस प्रत्यक्षापेक्षा जास्त मांसाहारी वाटतो. एमी बोगार्ड आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या जुन्या जळक्या दाण्यांवरून दाखवलं की पहिले शेतकरी खत घालत होते. म्हणून आता माणसांबरोबर त्याच जागेवरची जनावरं आणि धान्यही मोजावं लागतं.

स्थलांतरासाठी दात लागतात. खडकाच्या जातीनुसार आणि वयानुसार स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर बदलतं. ते माती-पाण्यातून पिकात आणि पिकातून माणसाच्या इनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणात, येतं. इनॅमल बालपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही. पहिल्या कायमच्या दाढेत जन्मापासूनच्या पहिल्या तीनेक वर्षांची जागा नोंदलेली असते.

आता डेन्मार्कच्या त्या मुलीबद्दल. १९२१ मध्ये जटलंडमधल्या एग्टवेड गावाजवळच्या टेकाडात ओकच्या खोडातून कोरलेली शवपेटी सापडली. वलयांवरून ती सुमारे इ.स.पू. १३७० ची. आत सोळा-अठरा वर्षांची मुलगी होती. हाडं जवळपास विरघळली होती, पण दात, केस, नखं आणि लोकरीचे कपडे टिकले होते. दोऱ्यांचा आखूड घागरा, पोटावर कांशाची मोठी चकती, पायाशी गहू, मध आणि रानफळांपासून केलेल्या मादक पेयाचे अवशेष असलेलं सालीचं भांडं, आणि एका लहान मुलाची जाळलेली हाडं. पेटीत एक फुललेलं रानफूल होतं, म्हणजे पुरलं ते उन्हाळ्यात. २०१५ मध्ये कारिन फ्राय आणि सहकाऱ्यांनी तिच्या दाताचं गुणोत्तर मोजलं. ते डेन्मार्कच्या मुख्य भूमीवरच्या पाण्या-मातीशी जुळेना. दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टशी जुळत होतं. कपड्यांची लोकरही बाहेरची वाटली. लांब केसांचे तुकडे क्रमाने मोजले तेव्हा शेवटच्या दोनेक वर्षांत ती ये-जा करत असावी असं दिसलं. बातमी जगभर गेली आणि एग्टवेडची मुलगी कांस्ययुगातली प्रवासी ठरली.

२०१९ मध्ये एरिक थॉमसन आणि रास्मुस आंद्रेआसेन यांनी मुलीला हातच लावला नाही, त्यांनी नकाशाला हात घातला. "डेन्मार्कचं स्थानिक गुणोत्तर" ज्या पाण्यावरून ठरवलं होतं ते पाणी आजच्या शेतांतून वाहतं, आणि जटलंडच्या आम्लधर्मी जमिनीत शेतकरी चुना टाकतात. चुन्यात स्ट्रॉन्शियम भरपूर असतं आणि त्याचं गुणोत्तर कमी असतं. म्हणजे आजचं पाणी कांस्ययुगातल्या पाण्यासारखं राहिलेलं नाही. चुना न पडलेल्या भागांतले झरे मोजले तेव्हा आकडे वर सरकले, इतके की ती मुलगी तिच्या टेकाडापासून दहा किलोमीटरच्या आतही वाढलेली असू शकते. फ्राय यांच्या गटाला हे मान्य नाही, वाद चालू आहे.

या प्रकरणात दोन्ही बाजूंची मोजमापं उत्तम आहेत, हे लक्षात घ्या. दाताच्या आकड्यावर कुणाचा आक्षेप नाही. भांडण आहे ते "स्थानिक" कशाला म्हणायचं यावर. माझं मत विचाराल तर, सध्या "ती दुरून आली" हे वाक्य खात्रीने लिहू नये. आणखी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: स्ट्रॉन्शियम "इथला नाही" हे पुष्कळदा ठामपणे सांगू शकतं, "तिथला आहे" हे फार क्वचित. एकच गुणोत्तर युरोपात दहा ठिकाणी सापडतं. ब्लॅक फॉरेस्ट हे त्यातलं एक. त्याची निवड डेन्मार्क आणि दक्षिण जर्मनी यांच्यातल्या कांशाच्या व्यापारावरून झाली होती, दातावरून नाही.

याउलट ओत्झीबद्दल आपण इतकं ठाम का बोलतो? कारण तिथे एकमेकींशी संबंध नसलेल्या पद्धती एकाच ठिकाणी येऊन मिळतात. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवर ३,२१० मीटर उंचीवर हिमनदीत हा देह सापडला. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. आज तो बोल्झानोच्या संग्रहालयात उणे सहा अंशांवर ठेवलेला आहे. त्याच्या इनॅमलची आणि हाडांची समस्थानिकं वेगवेगळी मोजून २००३ मध्ये असं निघालं की तो सापडला त्या जागेपासून आग्नेयेकडच्या साठेक किलोमीटरच्या दऱ्याखोऱ्यांतच जन्मला आणि वावरला. आतड्यात हॉप-हॉर्नबीम या झाडाचे परागकण मिळाले. हे झाड दक्षिणेकडच्या उबदार खोऱ्यांत वसंताच्या शेवटी फुलतं, आणि परागकणांच्या पेशींतला आतला भागही शाबूत होता, म्हणजे ते ताजे पोटात गेले होते. आधी समजूत होती की तो शरद ऋतूत मेला. क्लाउस एग्ल यांच्या परागकणांनी ती बदलली. आतड्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या उंचीवरच्या झाडांचे कण होते, त्यावरून शेवटच्या दीड-दोन दिवसांत तो वरून खाली आणि पुन्हा वर गेला हे दिसतं. २००१ मध्ये क्ष-किरणांत डाव्या खांद्यात गारगोटीचं बाणाचं टोक दिसलं. त्याआधी दहा वर्षं तो थंडीने गारठून मेला असं सांगितलं जात होतं.

तुमच्या प्रश्नातला रानबोकड याच्याच पोटातला. जठर नेहमीच्या जागेवरून वर सरकलं होतं, त्यामुळे २००९ पर्यंत ते ओळखूच आलं नव्हतं. २०१८ मध्ये त्यातल्या अन्नाचा डीएनए, प्रथिनं आणि चरबी तिन्ही तपासली: आयबेक्स नावाच्या डोंगरी बोकडाची चरबी आणि मांस, लाल हरिण, आइनकॉर्न जातीचा गहू. डीएनएने जात सांगितली, चरबीच्या रेणूंनी जेवण किती तेलकट होतं ते सांगितलं, सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू दिसले. हे शेवटचं जेवण मी बिनदिक्कत मानते. कुऱ्हाडीचं तांबं मात्र आल्प्सचं नव्हतं. शिशाच्या समस्थानिकांवरून ते इटलीतल्या दक्षिण तोस्कानाच्या खनिजाशी जुळलं. माणूस साठ किलोमीटरच्या वर्तुळातला आणि तांबं शेकडो किलोमीटरवरचं. वस्तू माणसांपेक्षा लांब जातात.

खापरांबद्दल थोडं. मातीच्या बिनचकाकी भांड्यात शिजवलेल्या अन्नाची चरबी भिंतीत मुरते आणि हजारो वर्षं टिकते. रिचर्ड एव्हरशेड यांच्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेने दाखवलं की पामिटिक आणि स्टिअरिक या दोन मेदाम्लांमधल्या कार्बन-१३ चा फरक पाहिला तर गाईची अंगची चरबी आणि गाईचं दूध वेगळं ओळखता येतं, कारण दुधातलं बरंचसं स्टिअरिक आम्ल गाईच्या खाण्यातून येतं आणि पामिटिक बहुतांशी शरीर स्वतः बनवतं. पोलंडच्या कुयाव्हिया भागात पहिल्या शेतकऱ्यांची भोकं पाडलेली खापरं मिळतात. पीटर बोगुकी यांनी १९८० च्या दशकातच म्हटलं होतं की या चीजच्या चाळण्या असाव्यात. २०१३ मध्ये त्या भोकांच्या खापरांतून दुधाची चरबी निघाली. एका जुन्या अंदाजाला रसायनाने दिलेली अशी साक्ष वाचताना मला आजही आनंद होतो.

पण इथेच खरी गंमत सुरू होते. या शेतकऱ्यांच्या डीएनएत मोठेपणी दूध पचवण्याचा जनुकीय बदल नाही. ताक, पनीर चालतं पण दूध प्यायलं की पोट बिघडतं, अशी माणसं आपल्या घरांतही असतात, तसे हे बहुतेक सगळे होते. चीज करताना दुग्धशर्करा निवळीबरोबर निघून जाते, मग ते पचतं. तो बदल युरोपात पसरला तो कांस्ययुगात आणि त्यानंतर. भारतात जे प्रौढ दूध पचवू शकतात त्यांच्यातही बहुतेकांत हाच बदल सापडतो. एव्हरशेड यांच्याच २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की दूध जास्त वापरलं म्हणून तो पसरला असं चित्र बसत नाही. दुष्काळ आणि रोगराईच्या काळात, आधीच अशक्त असलेल्यांना दुधाने झालेला जुलाब जिवावर बेतत असावा, असं त्यांचं म्हणणं. खापराने "दूध होतं" सांगितलं, डीएनएने "ते पचत नव्हतं" सांगितलं. यातली एकच पद्धत हाती असती तर आपण हमखास चुकीची गोष्ट रचली असती.

डीएनएवर सगळ्यांचं लक्ष आहे, आणि त्यात खरोखर क्रांती झाली आहे. स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. २०१४-१५ च्या सुमारास लक्षात आलं की आतल्या कानाभोवतीच्या, कवटीतल्या सर्वांत घट्ट हाडात डीएनए सर्वाधिक टिकतो, आणि त्यानंतर आकडे झपाट्याने वाढले. जुन्या डीएनएचे तुकडे लहान असतात आणि त्यांच्या टोकांशी सायटोसिन अक्षर थायमिनसारखं वाचलं जातं, ही झीजच तो खरा जुना असल्याची खूण. तरी भेसळ शिरतेच. ओत्झीचाच २०१२ मधला जिनोम आजच्या माणसांच्या डीएनएने दूषित होता. त्यामुळे त्याच्यात पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश दिसला. २०२३ मध्ये तो पुन्हा वाचला तेव्हा तो अंश गेला, ९० टक्क्यांहून अधिक वारसा अनातोलियातून आलेल्या शेतकऱ्यांचा निघाला, त्वचा आधी वाटली त्यापेक्षा सावळी निघाली आणि टक्कल पडण्याची प्रवृत्तीही दिसली.

त्या गवताळ प्रदेशातले लोक युरोपात खरोखर आले, पण ओत्झीच्या नंतर. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की इ.स.पू. ३००० नंतर यामनाया पशुपालकांशी नातं असलेली माणसं मध्य युरोपात मोठ्या संख्येने पसरली. जर्मनीतल्या दोरीच्या ठशांची भांडी वापरणाऱ्या लोकांचा सुमारे तीन चतुर्थांश वारसा त्यांचा होता. ब्रिटनमध्ये इ.स.पू. २५०० नंतरच्या काही शतकांत सुमारे ९० टक्के वारसा बदलला. यंत्राने इथे वारशाचं प्रमाण मोजलं. ते लोक कोणती भाषा बोलत, लढून आले की लग्नं करून, आधीचे लोक रोगाने घटले होते का, हे त्या टक्क्यांत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताफ कोसिन्ना यांनी "एक भांडं म्हणजे एक वंश" असा हिशेब मांडला आणि नाझींनी तो जमिनीवर हक्क सांगायला वापरला. म्हणून नकाशावर बाण काढताना जर्मन पुरातत्त्वज्ञ आजही दहा वेळा विचार करतात, आणि ते बरोबर करतात. आपल्याकडेही हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाच्या निमित्ताने हे तापलं. तिथल्या ६१ नमुन्यांतून एकाच स्त्रीचा पुरेसा डीएनए मिळाला, कारण उष्णता डीएनएची शत्रू आहे. डेक्कन कॉलेजच्या त्या कामावरून कितीजणांनी किती मोठे निष्कर्ष काढले ते तुम्ही पाहिलंच असेल.

डीएनए मला सर्वांत भावतो तो खंडांच्या नकाशांपेक्षा एका कबरीच्या पातळीवर. इंग्लंडमधल्या हेझल्टन नॉर्थ या नवाश्मयुगीन थडग्यातल्या ३५ माणसांचा डीएनए २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली २७ माणसं एकाच कुटुंबाची, पाच पिढ्यांची. सगळ्यांचा मूळ पुरुष एक, त्याला चार स्त्रियांपासून मुलं, आणि कुणी उत्तरेच्या दालनात जायचं, कुणी दक्षिणेच्या, हे त्या स्त्रियांवरून ठरलेलं. काही मुलगे रक्ताने त्या पुरुषाचे नव्हते, त्यांच्या आईने ते आधीच्या नात्यातून आणले होते. तरी त्यांना घरच्यांबरोबर पुरलं. सावत्र मुलाला आपलं मानणं हाडांतून दिसावं, याची वीस वर्षांपूर्वी कुणी कल्पनाही केली नसती.

लिंग ओळखण्याची नवी पद्धत रसायनवाल्यांसाठी खास आहे. स्पेनमधल्या सेव्हिलजवळ वालेन्सिना इथे २००८ मध्ये हस्तिदंत, अंबर आणि शहामृगाच्या अंड्याचं कवच अशा श्रीमंतीसह एक तरुण व्यक्ती सापडली. हाडांवरून पुरुष असावा असं ठरलं. २०२३ मध्ये दाताच्या इनॅमलमधलं अमेलोजेनिन प्रथिन मोजलं. एक्स गुणसूत्रावरचा प्रकार होता, वायवरचा नव्हता. ती स्त्री होती, आणि ताम्रयुगातल्या त्या भागात तिच्या तोडीची एकाही पुरुषाची कबर मिळालेली नाही. या पद्धतीत "वाय नाही" हा अनुपस्थितीचा पुरावा आहे, म्हणून एकूण प्रथिन पुरेसं निघालं का ते बघावं लागतं. शिवाय भारतीय उपखंडातल्या काही पुरुषांत वायवरचं हे जनुकच गळालेलं असतं, तेव्हा आपल्याकडे ही चाचणी वापरताना जास्त जपायला हवं.

दगडी हत्यारांच्या धारेवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कातडं कापलं की गवत, हे सांगण्याची सर्गेई सेम्योनोव यांची परंपरा आहे. डेन्मार्कमधल्या लाय्रे इथे आणि इंग्लंडमधल्या बटसर इथे जुनी घरं, शेतं प्रत्यक्ष करून बघतात. यावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे फक्त उल्लेख.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र पक्कं करा, त्यातही मास स्पेक्ट्रोमेट्री (अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजण्याचं तंत्र) आणि संख्याशास्त्र. त्याच्या जोडीला पुरातत्त्व शिका. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये विज्ञानाचे पदवीधरही या विषयाकडे वळतात. एखाद्या उत्खननावर खड्ड्यात उतरून काम करा, कारण नमुना कुठल्या थरातून, कशाच्या शेजारून आला हे न कळता केलेलं मोजमाप वाया जातं. माणसाचं हाड मोजायला मिळावं म्हणून घाई करू नका. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी गुरांची आणि डुकरांची हाडं देते. त्यांच्याशिवाय स्थानिक आकडा ठरत नाही, ती भरपूर असतात आणि एखादा तुकडा वाया गेला तर कुणाच्या पूर्वजाचा शेवटचा दात गेलेला नसतो. प्रयोगशाळेत अर्ज कराल तेव्हा तेच काम मागा.